जिराफाची मान, डांगीचं कातडं आणि गिधाडाचं मूत्रपिंड

घोटीजवळच्या एका तरुण पशुपालकाचा लांबलचक निरोप आला. त्याच्या आजोबांपासूनची ओळख, म्हणून त्याला 'तू' म्हणूनच लिहितोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "डॉक्टर, जिराफ खाली वाकून पाणी पितो तेव्हा मेंदूकडे रक्ताचा लोंढा येतो. तो सोसायला मेंदूखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. ते नसतं तर लांब मानेचा पहिला जिराफ पाणी पितानाच मेला असता. म्हणजे मान, हृदय, जाळं सगळं एकदमच तयार हवं. मग हे कुणीतरी ठरवून घडवलंय असंच म्हणावं लागेल ना? तुम्ही इतकी जनावरं आतून बघितलीत, तुम्हाला काय वाटतं?" आणि अगदी शेवटी एक ओळ होती: "शेळ्यांना जंताचं औषध देऊनही गुण येत नाही, काय करू?"

दोन्ही प्रश्नांना एकत्रच उत्तर देतो. ते एकमेकांना लागूनच आहेत.

आधी माझं मत सरळ सांगतो. जनावरांची शरीरं उत्क्रांतीने घडली आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. बत्तीस वर्षं इगतपुरी, त्र्यंबक, सिन्नर या पट्ट्यात जनावरांची डॉक्टरकी केली. अडकलेले वार काढले, आडवी आलेली वासरं हात घालून सरळ केली, बांधावर शवविच्छेदनं केली. कॉलेजात वाचून पटलं होतंच, पण खात्री झाली ती हाताखालून गेलेल्या शरीरांमुळे. त्यातही शरीर किती छान जमलंय यापेक्षा ते कुठे विचित्र जमलंय, ते बघून जास्त.

जिराफापासून सुरू करू. तू म्हणतोस ते जाळं खरंच असतं आणि बघण्यासारखं असतं. मेंदूच्या बुडाशी एका धमनीच्या जागी केसाएवढ्या धमन्यांचा गुंता. पण ते जिराफासाठी खास बसवलेलं नाही. तुझ्या गोठ्यातल्या गाईच्या आणि शेळीच्या मेंदूखालीही तेच जाळं आहे. शेळीला वाकून लोंढा सोसायचा नसतो. तिच्यात ते मेंदू निववायचं काम करतं. नाकाकडून थंड होऊन आलेलं रक्त त्या जाळ्याभोवती साचतं आणि मेंदूकडे निघालेलं गरम रक्त त्यातून जाताना निवतं. चैत्राच्या उन्हात दिवसभर चरून शेळी धापा टाकत परत येते, तरी तिचं डोकं ठिकाणावर असतं, त्यात या जाळ्याचा मोठा वाटा आहे. दुसऱ्या शतकात गॅलन नावाच्या वैद्याने बैलात हे जाळं पाहिलं आणि माणसातही असणारच असं धरून चालला. वैद्यकात ते तेराशे वर्षं तसंच शिकवलं गेलं. १५४३ मध्ये व्हेसेलियस या शरीररचनाशास्त्रज्ञाने माणसात ते नसल्याचं छापून सांगितलं.

गंमत पुढे आहे. घोडाही उन्हात धावतो, तापतो, त्यालाही हे जाळं उपयोगी पडलं असतं. पण घोड्याला ते नाही. गाय, शेळी, मेंढी, हरीण, डुक्कर, जिराफ या जोडखुरी भाऊबंदांत ते सापडतं. गरज कुणाला आहे यापेक्षा कूळ कुठलं आहे, यावर ते ठरलेलं दिसतं. जिराफाचे पूर्वज आखूड मानेचे होते तेव्हाच हे जाळं त्यांच्या डोक्यात होतं. मान वाढत गेली तसं जुनं सामान नव्या कामाला लागलं.

मानही एका रात्रीत वाढली नाही. जिराफाच्या मानेत मणके सातच, माझ्या-तुझ्या मानेत सात, उंदराच्याही सात. जिराफात एकेक मणका लांबलाय, इतकंच. काँगोच्या जंगलात त्याचा सख्खा नातेवाईक ओकापी आजही आखूड मानेने फिरतो. आपल्या शिवालिक टेकड्यांत सापडलेला शिवाथेरियम, ज्याचं वर्णन १८३६ मध्ये प्रसिद्ध झालं, तोही याच घराण्यातला, आखूड मानेचा आणि अंगाने अवाढव्य. सॅमोथेरियम नावाच्या प्राण्याच्या मानेचे जीवाश्म मणके लांबीला बरोबर ओकापी आणि जिराफ यांच्या मधले आहेत. आणि हृदय? जिराफाचं पिलू वाढतं तेव्हा मानेबरोबर त्याच्या हृदयाची भिंतही जाड होत जाते. एक पायरी चढली की दुसरी थोडी सरकते. 'सगळं एकदम हवं' ही अट आपण बाहेरून घातलेली आहे, जनावराच्या अंगात ती कुठे दिसत नाही.

आता विचित्र गोष्ट सांगतो. तू तेव्हा लहान होतास. वळवाच्या पहिल्या पावसात वीज पडून तुमचा एक बैल गेला होता आणि विम्याच्या कागदांसाठी मी शवविच्छेदनाला आलो होतो. बांधावरच काम चाललं होतं, तुझे आजोबा माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे होते. श्वासनलिकेच्या डाव्या अंगाने मी कातर चालवली तेव्हा एक पांढरी, सुतळीहून बारीक नस, म्हणजे मज्जातंतू, दिसली. ही नस स्वरयंत्राला जाते. बैल हंबरतो तेव्हा गळ्यातले स्नायू हलतात ते तिच्याच हुकमाने. मेंदूपासून स्वरयंत्र फार तर दोन वितींवर. पण ही नस स्वरयंत्राशेजारून तशीच पुढे जाते, सगळी मान उतरते, छातीत शिरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला खालून वळसा घालते, आणि पुन्हा सगळी मान चढून स्वरयंत्राशी येते. मी तिच्यावर बोट फिरवत आजोबांना तो सगळा रस्ता दाखवला. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढा हेलपाटा कशाला?"

त्या दिवशी पावसात त्यांना नीट सांगता आलं नाही, म्हणून तुला सांगतो. माशाला मान नसते. त्याच्या मेंदूतून निघालेल्या फांद्या कल्ल्यांच्या कमानींकडे सरळ जातात आणि जाताना कमानीतल्या रक्तवाहिनीच्या मागून जातात. तिथे तोच जवळचा रस्ता. गाईच्या गर्भात पहिल्या महिन्यात तशाच कमानी उमटतात आणि ही नस त्यातल्या एका रक्तवाहिनीच्या मागेच असते. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरतं, ती रक्तवाहिनीही खाली जाते आणि नस तिच्यात अडकून खाली ओढली जाते. बैलात हा हेलपाटा दोन-अडीच हातांचा. जिराफात तो चार मीटरच्या वर जातो.

जुन्या नाशकातला एखादा वाडा आठव. नळ घातला तेव्हा न्हाणी शेजारीच होती. पुढच्या पिढीने न्हाणी मागे नेली, त्याच्या पुढच्याने आणखी मागे, आणि प्रत्येकाने आहे त्याच नळाला जोड देत नेला. आज तो नळ जिन्याखालून, पडवीतून फिरून येतो. पाणी येतं, वाड्याचं चालतं. पण कोऱ्या कागदावर आखायला बसलेला माणूस असा नळ काढणार नाही.

कुणी म्हणेल, वाटेत ही नस अन्ननलिकेला आणि श्वासनलिकेला फांद्या देते, म्हणून तिला खाली जावं लागतं. फांद्या देते हे बरोबर. पण काही थोड्या माणसांत उजवीकडची नस जन्मतःच खाली न जाता सरळ स्वरयंत्राला जाते आणि त्यांचा आवाज व्यवस्थित असतो. सरळ रस्ता चालतो, हे शरीरच दाखवतं. आणि हा हेलपाटा फुकट पडत नाही. उंच घोड्यांत डावीकडची ही लांब नस निकामी होते, स्वरयंत्राची एक बाजू लुळी पडते आणि पळताना श्वास घेतला की घरघर आवाज येतो. लग्नाच्या वरातीचा एक देखणा पांढरा घोडा माझ्याकडे आणला होता. मालकाला वाटलं सर्दी झालीय. मी गळ्यावर हात ठेवून डावीकडचा बसलेला स्नायू चाचपला आणि मला वाईट वाटलं. त्या घोड्याचं जोराने पळायचं आयुष्य तिथे संपलं होतं.

नळीच्या हाडाचंही तसंच. गाईच्या पायाचं ते हाड हातात घेऊन समोरून बघ, मधोमध उभी खाच दिसेल. करवतीने आडवं कापलं तर आत मधला पडदा सापडतो. गाभात वासराची ती दोन वेगळी हाडं असतात, नंतर जुळून एक होतात. घोडा एकाच बोटावर उभा आहे आणि त्याच्या नळीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीसारखी दोन हाडकं चिकटलेली असतात, बाजूच्या बोटांची उरलेली. टांग्याच्या घोड्याला तिथेच गाठ येऊन लंगडेपण यायचं.

एवढं वाचून तू म्हणशील, खोडी ठीक, पण जे खरंच छान जमलंय त्याचं काय? त्याचं उत्तर तुझ्याच दावणीला बांधलेलं आहे. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पावसात भाताच्या खाचरात दिवसदिवस उभी राहते ती डांगी गाय. तिच्या पाठीवरून हात फिरव, बोटांना ओशट लागतं. कातडीतून तेलकट स्राव येतो आणि पाणी निथळून जातं. खूर काळे, टणक. माझ्याच माहितीतल्या लोकांनी हौसेने संकरित गाई तिकडे नेल्या, आणि श्रावण संपायच्या आत त्यांचे खूर चिखलात सडायला लागले.

डांगीचा आराखडा कुणी काढला? ठाकर, महादेव कोळी, कानडी गोपालकांनी पिढ्यानपिढ्या एवढंच केलं: पावसात टिकलेल्या गाईचा गोऱ्हा वळू म्हणून ठेवला, कुरकुरणाऱ्याचं खच्चीकरण केलं. त्यातल्या कुणालाही कातडीतल्या ग्रंथी माहीत नव्हत्या. 'तेलकट कातडी बनवू' असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. वासरं एकमेकांपासून थोडी वेगळी जन्मतात, त्यातली काही पुढची पिढी देतात, काही देत नाहीत, एवढ्यावर ते कातडं झालं. आणि माणूस बाजूला केलास तरी आषाढ निवड करतच होता. कुडकुडून मेलेल्या वासराचा वंश पुढे जात नाही. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथाची सुरुवात पाळीव जनावरांपासून, कबुतरांपासून केली ती यासाठीच. राजूरच्या प्रदर्शनात डांगी वळू उभे राहतात तेव्हा मला ते पहिलं प्रकरण डोळ्यांसमोर चाललेलं दिसतं.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो मी टाळणार नाही. सारखेपणा दिसतो तो नात्यामुळे कशावरून? एकाच कारागिराने चांगला भाग दोन ठिकाणी वापरला असेल. यावर मला दोन उदाहरणं महत्त्वाची वाटतात.

पहिलं झटकन सांगतो. गाय पोटात जिवाणू पाळते, ते चारा कुजवतात आणि पुढच्या कप्प्यात ती ते जिवाणूच पचवते. त्यांना फोडायला लायसोझाइम नावाचं प्रथिन लागतं, आणि ते आम्लात टिकणारं लागतं. काळ्या तोंडाचं वानरही पाला तसाच पोटात कुजवून खातं. १९८७ मध्ये असं दाखवलं गेलं की वानराच्या आणि गाईच्या लायसोझाइममध्ये काही ठिकाणी अगदी तेच बदल झालेले आहेत. मग कारागिराने गाईचा भाग वानरात बसवला का? बाकीचं प्रथिन बघ: ते इतर माकडांसारखंच आहे. माकडाच्याच प्रथिनावर गाईसारखी काही ठिगळं. घराणं वेगळंच राहिलं, काम सारखं म्हणून डागडुजी सारखी झाली.

दुसरं उदाहरण गिधाडाचं, आणि ते सांगताना मला अजून त्रास होतो. गिधाडाकडे बघून कुणीही म्हणेल की हे याच कामासाठी घडवलंय. उघडी मान, म्हणजे मढ्यात डोकं घातलं तरी पिसं लडबडत नाहीत. पोटातलं आम्ल इतकं तीव्र की फाशीच्या रोगाने (अँथ्रॅक्स) मेलेलं जनावरही पचतं. आम्ही सुरुवातीला नोकरीत होतो तेव्हा गावाबाहेर ढोर टाकलं की तासा-दोन तासांत आकाशातून ती उतरायची. मग डायक्लोफिनॅक आलं. स्वस्त, ताप आणि सूज लगेच उतरवणारं. कासदाहाला, लंगडेपणाला सगळीकडे तेच. मीही ते शेकडो जनावरांना टोचलं आहे. त्यातली काही मेली असतील आणि त्यांना गिधाडांनी खाल्लं असेल. २००४ मध्ये कारण सिद्ध झालं: औषध अंगात राहिलेलं मढं खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडतं, युरिक आम्ल साचून हृदय-यकृतावर चुन्यासारखा पांढरा थर बसतो. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, आम्ही मेलोक्सिकॅमकडे वळलो. अंजनेरीच्या कड्यावर आज लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, हरसूलकडे खोरीपाड्याला त्यांच्यासाठी खाद्यस्थळ चालवलं गेलं. ती वर घिरट्या घालताना दिसली की मी गाडी थांबवतो.

आता तुझ्या प्रश्नाशी याचा संबंध. अमेरिकेत टर्की गिधाड असतं. तीच उघडी मान, तेच मढी खायचं काम. त्याला आपल्या गिधाडांना मारणाऱ्या मात्रेच्या शंभर पटींहून जास्त डायक्लोफिनॅक देऊन पाहिलं, काही झालं नाही. दोघं दिसायला भाऊ, पण घराणी फार दूरची. रूप कामाने घडलं म्हणून सारखं दिसतं, मूत्रपिंड कुळातून आलं म्हणून वेगळं निघालं. एकाच आराखड्यातून दोघं काढले असते तर असं होण्याचं कारण मला सापडत नाही. आणि आपलं गिधाड लाखो वर्षं ज्या विषांना तोंड देत आलं ती सगळी पचवतं. जे विष पूर्वी कधी आलंच नव्हतं, त्याच्यापुढे एका मढ्यात मरतं. त्याच्या अंगात जे बळ आहे ते घडून गेलेल्या गोष्टींचं आहे.

म्हणजे देव नाही का, असं तुझी आई विचारेल. हा प्रश्न शवविच्छेदनात सुटत नाही आणि सुटतो असं सांगणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांवर मी विश्वास ठेवत नाही. मी श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करतो. अमेरिकेत डार्विनची बाजू हिरिरीने मांडणारा वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होता. पण जनावराच्या अंगातल्या कौशल्यावरून घडवणाऱ्याची दया सिद्ध करायला जाशील तर जखमेत किडे पाडणारी माशी विसरू नकोस. ती मेलेल्या मांसाला शिवत नाही, जिवंत जखमेच्या कडेलाच अंडी घालते, आणि तिच्या अळीच्या तोंडाचे आकडे, अंगावरचे काट्यांचे पट्टे मांसात घुसायला अगदी चोख आहेत. मी चिमट्याने शेकड्याने त्या काढल्या आहेत. डार्विनलाही १८६० मध्ये ग्रेला लिहिलेल्या पत्रात अशाच कीटकांनी अडवलं होतं: दुसऱ्या किड्याला जिवंत ठेवून आतून खाणाऱ्या गांधीलमाश्यांच्या अळ्या. श्रद्धेला दुसरा आधार शोध, हा आधार धरू नकोस, तो तुझ्या श्रद्धेलाच टोचेल.

आता शेळ्या. तुझ्या शेळ्यांच्या पोटात आहे तो बहुतेक रक्तपित्या जंत, हिमाँकस. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. आपण देतो ते अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल या जंताच्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला पकडून त्याला मारतं. काही थोड्या जंतांत त्या प्रथिनाच्या २०० व्या जागी फेनिलअॅलानिन या घटकाऐवजी टायरोसिन असतं. एवढाच फरक, पण औषधाची पकड सुटते. दर महिन्याला सगळ्या कळपाला औषध पाजलं की पकडले जाणारे मरतात, सुटणारे उरतात आणि कुरणात फक्त त्यांचीच अंडी पडतात. काही वर्षांत कळपातले सगळे जंत त्याच घराण्याचे होतात. सिन्नरकडच्या मेंढपाळांच्या कळपांत मी हे होताना पाहिलं: नोकरीच्या सुरुवातीला ज्या औषधाने आठ दिवसांत जबड्याखालची पाण्याची सूज उतरायची, त्याच औषधाने पुढे काहीच व्हायचं नाही, आणि लोक औषध भेसळीचं आहे म्हणायचे. बाटली बरोबर होती, जंत बदलले होते.

डोळ्याच्या अंदाजाने कमी मात्रा देणं सोड, त्याने अर्धवट टिकणारे जंतही वाचतात. कळपातल्या सगळ्यात जड शेळीचं वजन करून त्यावर मात्रा धर. शेळीच्या अंगातून हे औषध मेंढीपेक्षा लवकर निघून जातं, म्हणून बाटलीवरची मेंढीची मात्रा तिला पुरत नाही. ती किती द्यायची ते मी सांगेन. आणि सरसकट सगळ्यांना पाजू नकोस. खालची पापणी ओढून आतला रंग बघ. लालसर असेल तर सोडून दे, पांढरट असेल तिलाच दे. सोडलेल्या शेळ्यांतले साधे जंत कुरणात राहू देत, टणक जंतांत त्यांची भेसळ होत राहिली तर औषध जास्त वर्षं चालेल.

येत्या आठवड्यात दहा शेळ्यांच्या ताज्या लेंड्या घेऊन ये, जमिनीवरच्या नकोत, प्रत्येकीच्या वेगळ्या पिशवीत. अंडी मोजतो, मग औषध देऊ, आणि चौदाव्या दिवशी त्याच शेळ्यांच्या लेंड्या पुन्हा आण. अंडी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली तर हे औषध तुझ्या कळपासाठी बाद समजायचं आणि लेव्हामिसोल किंवा आयव्हरमेक्टिन यांतलं कुठलं लागू पडतं ते तसंच मोजून ठरवायचं. गाभण शेळ्यांच्या पिशव्यांवर खूण कर, अल्बेंडाझोल सुरुवातीच्या गाभात देत नाहीत.